एकसष्टावं नाव

शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदातून शेखर उगलेला काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळची पहिली खुर्ची. ग्रामसभेत सरपंचानंतर घेतलं जाणारं नाव. आणि यंदा दोन खोल्यांच्या दुरुस्तीला मंजूर झालेले चार लाख ऐंशी हजार, जे समितीच्या खात्यावर येणार होते आणि मुख्याध्यापक व अध्यक्ष या दोघांच्या सहीने निघणार होते. शेखरच्या मेव्हण्याचं सिन्नरला पत्र्याचं आणि सिमेंटचं दुकान होतं. शेखर पैसे खाईल असं कुणीच म्हणत नव्हतं. पत्रे कुठून तरी आणायचेच, मग घरच्या दुकानातून आणले तर काय बिघडलं, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. कुणी विचारायच्या आधीच.

खुर्चीला अट एकच होती. अध्यक्ष हा शाळेतल्या मुलाचा पालक पाहिजे. शेखरची वैष्णवी दुसरीत होती, म्हणजे हजेरीपटावर होती. जूनपासून ती पिवळ्या व्हॅनमधून सिन्नरच्या इंग्रजी शाळेत जात होती, गळ्यात टाय बांधून. तिकडे शनिवारी सुट्टी. म्हणून दर शनिवारी सकाळी ती टाय काढून भोकरवस्तीच्या जिल्हा परिषद शाळेत येऊन बसायची. बाकीचे पाच दिवस तिच्या नावापुढे हजेरी तेवढी लागायची.

ही हजेरी लावायच्या ज्योत्स्ना आहेर. त्यांना यातून काय मिळत होतं तेही लिहून टाकू. शाळेचा पट एकसष्ट होता. साठपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टला तिसरा. तीस सप्टेंबरला सगळ्या शाळांचा पट ऑनलाइन मोजला जातो आणि त्यावर ठरतं कुठं किती शिक्षक राहतील. भोकरवस्तीत सर्वांत नव्या ज्योत्स्नाबाई, म्हणजे तिसरं पद त्यांचं. मूळच्या देवळ्याच्या. पेठच्या डोंगरात नऊ वर्षं काढली, तेव्हा कुठे सिन्नर तालुक्यात बदली मिळाली. सिन्नरला दोन खोल्या भाड्याने घेतल्या, गुडघ्याने अधू झालेल्या आईला आणलं. पट साठ झाला की त्या अतिरिक्त, आणि अतिरिक्त शिक्षकाला जागा मिळते ती जिथं कुणी जात नाही तिथं.

पहिली आणि दुसरी त्यांच्याकडे. पहिलीतली चौदा मुलं ऑगस्टअखेर साधे शब्द वाचू लागली होती. केंद्रातल्या अकरा शाळांत एवढं कुठेच नव्हतं. केंद्रप्रमुख येऊन गेले, मोबाइलवर फोटो काढला, आणि म्हणाले, "छान. ही माहिती लिंकवर भरा."

सही करताना बाईंना पहिल्या आठवड्यात हात जड वाटला होता. नंतर वाटायचा बंद झाला. वैष्णवी शेखर उगले, हजर. पुढचं नाव.

आता त्या वर्गात एक मुलगी रोज असायची आणि तिचं नाव कुठेच नव्हतं. उजमा. तिची आई खातूनबी जुलैत मालेगावकडून आली होती आणि पलीकडच्या पोल्ट्रीवर शेडमध्ये काम करत होती. उजमा पहिलीत दारापाशी बसायची आणि चौदातली सर्वांत पुढची तीच होती. बाईंनी मुख्याध्यापकांना सांगून पाहिलं होतं. मुख्याध्यापक खाजा शेख, गावाचे शेख गुरुजी, निवृत्तीला दहा महिने उरलेला सावध माणूस.

"आधार आहे का तिचं?" त्यांनी विचारलं होतं.

"नाही गुरुजी."

"मग नाव घातलं तरी मोजलं जाणार नाही. वर स्क्रीनवर लाल दिसतं, तालुक्याहून फोन येतो. आपला एकसष्ट झालाय ना? बसू दे तिला. जेवू दे. आधार काढलं की नाव घालू."

सिन्नरच्या पोस्टात मंगळवारी आधार काढायची सोय होती. पुढच्या मंगळवारी नेते, असं बाईंनी खातूनबीला सांगितलं. जुलै, ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर मिळून अकरा मंगळवार गेले. एकसष्ट भरलेला होता.

खिचडी शिजवणाऱ्या गोजराबाईंचा हिशोब वेगळा होता. त्या ताटं मोजायच्या.

"बाई, तुमचा पट लय सच्चा हाय बरं का," एकदा पातेलं खरवडत त्या म्हणाल्या. "एक हाय ती नाय, एक नाय ती हाय. ताटं एकसष्टच."

ज्योत्स्नाबाई हसल्या. हसायचं होतं म्हणून.

बावीस सप्टेंबरला शेखर कार्यालयात येऊन बसला. चपला त्याने बाहेर काढल्या नाहीत, यावरूनच काम अडचणीचं आहे हे गुरुजींना कळलं.

"गुरुजी, तुमच्या कंप्युटरवर आमच्या वैष्णवीचं नाव तिकडच्या शाळेला सोडायची विनंती आलीये म्हणं."

"आलीये. पंधरा दिवस झाले. मी तिच्याकडे बघत नाही, ती माझ्याकडे बघते."

"त्या शाळेची मोठी मॅडम म्हणती, तीस तारखेच्या आत नाव सोडवा नायतर पोरगी घरी न्या. त्यांचाबी पट मोजायचाय. एक आधार दोन शाळेत चालत नाय म्हणं."

"सोडलं तर आमचे साठ."

दोघांनी एकदमच ज्योत्स्नाबाईंकडे पाहिलं. त्या टेबलावरचा स्टेपलर उघडून पिना भरत होत्या. भरून झाल्यावर त्यांनी तो बंद केला आणि पुन्हा उघडला.

"आकडा मी मोडू देणार नाय," शेखर म्हणाला. "बाई, टेन्शन घेऊ नका. आमचा रोहित हाय की अंगणवाडीत. घाला पहिलीला. वैष्णवी गेली, रोहित आला. एकसष्टला एकसष्ट, अन् मीबी पालकचा पालक."

"वय काय त्याचं?"

"जानेवारीत सहा होतंय. बारा तारखेला."

"डिसेंबरअखेर पूर्ण पाहिजेत."

"बारा दिवसांचा तर सवाल हाय, गुरुजी! माझा जन्म कधीचा, माहिते? एक जून. थोरल्या भावाचा एक जून. घरवालीचा एक जून. आमचे आबा शाळेत घेऊन गेले, गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून पल्याडच्या कानाला लावून बघितला अन् लिहिला एक जून. काय अडलं का कुणाचं?"

यात खोटं काही नव्हतं. तिशीच्या पुढची अर्धी भोकरवस्ती एक जूनला जन्मलेली आहे. जूनमध्ये शाळा उघडते, त्या दिवशी वय भरलेलं दिसावं म्हणून जुन्या गुरुजींनी सरसकट दिलेला तो वाढदिवस. शेख गुरुजींचा स्वतःचाही एक जूनच. त्यांची आई सांगायची, तू थंडीत झालास, अंगावर तीन गोधड्या होत्या. म्हणजे खऱ्या जन्मापेक्षा ते सहा महिने आधी निवृत्त होणार होते, आणि तो सहा महिन्यांचा पगार कधीच्या वारलेल्या एका गुरुजींच्या टाकात राहून गेला होता. त्यांनी कुणाकडे तक्रार केली नव्हती. आपणही पुढे चाळीस-पन्नास पोरांना एक जून दिला होता. हात सरावलेला होता.

त्यांनी जनरल रजिस्टर ओढलं. उगले रोहित शेखर. जन्मतारीख, एक जून.

"बाई, काही म्हणायचंय?" लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी वैष्णवीची विनंती मंजूर केली. दुपारी रोहितचं नाव आधार नंबरासकट भरलं. स्क्रीनवर लाल पट्टी आली. अवैध. आधारवर बारा जानेवारी, शाळेत एक जून. दोन तारखा जुळत नाहीत.

इतकी वर्षं कागद कागदाला विचारत नव्हता. आता विचारायला लागलाय, हे गुरुजींना माहीत नव्हतं असं नाही. परिपत्रकं त्यांनीच वाचून दाखवली होती. पण लिहिताना हाताने जुनंच लिहिलं.

शेखर रोहितला मोटारसायकलवर पुढे बसवून सिन्नरला घेऊन गेला, गुरुजींचा शिक्क्याचा दाखला खिशात घालून. आधारची तारीख शाळेसारखी करा, म्हणाला. खिडकीतल्या पोराने जन्माचा दाखला मागितला. त्यावर बारा जानेवारीच होती.

"काका, आधार बरोबर आहे तुमचं," पोरगा म्हणाला. "शाळेचं चुकलंय. शाळेत दुरुस्त करा."

शाळेत दुरुस्त करायचं तर रोहित बारा दिवसांनी लहान. वैष्णवीला परत मागायचं तर तिकडच्या मॅडमने सोडायला हवं. गुरुजींनी फोन केला, तीनदा. तिसऱ्यांदा कारकुनाने उचलला आणि फी कधी भरणार ते विचारलं.

हे सगळं शनिवारपर्यंत चाललं. सोमवारी एकोणतीस तारीख. सकाळी फळ्यावर पट लिहिताना ज्योत्स्नाबाईंनी साठ लिहिलं आणि मागे वळल्या. दारापाशी उजमा बसली होती.

त्या तशाच पोल्ट्रीवर गेल्या. मंगळवारी पोस्टातला माणूस येतो की नाही हे बघत बसायला वेळ नव्हता. सिन्नरलाच आधारचं दुसरं एक केंद्र रोज चालू असतं, हे त्यांना जुलैपासून माहीत होतं. खातूनबी हात धुऊन आली.

"आज कायको, बाई? तुम्ही तर मंगळवार म्हणले होते."

"आजच चला. तिचा जन्माचा काही कागद आहे का?"

"है ना." खातूनबीने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. सरकारी दवाखान्याचा दाखला, घडीवर जरा फाटलेला, नाव, तारीख, शिक्का, सगळं नीट. "कोणी मागितलाच नाय."

जीपमध्ये तिघी मागे बसल्या. माणशी चाळीस रुपये. उजमाचे घेतले नाहीत. केंद्रावर दहा मिनिटं लागली. उजमाने काचेवर दहा बोटं ठेवली, कॅमेऱ्यात डोळे मोठे करून पाहिलं, आणि भिंतीवरची पाटी वाचली. "शां-त-ता रा-खा."

"नंबर कधी येईल?" बाईंनी विचारलं.

"तीन-चार आठवडे धरा," केंद्रावरचा माणूस म्हणाला.

"उद्या नाही?"

त्याने पुढच्याला बोलावलं.

परतीच्या जीपमध्ये ज्योत्स्नाबाईंनी पावतीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही. घरी जाऊन आईला भाकरी दिली, सकाळी लागणारा डबा घासून ठेवला.

तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता गुरुजींनी बटण दाबलं. साठ.

उजमाचा नंबर चोवीस ऑक्टोबरला आला. गुरुजींनी त्याच दिवशी नाव घातलं, जन्मतारीख दाखल्याप्रमाणे. हिरवी पट्टी आली. एकसष्ट. ऑक्टोबरातल्या एकसष्टला कुणी विचारत नाही.

जानेवारीत अतिरिक्तांची यादी लागली. ज्योत्स्नाबाईंना पेठ तालुक्यातली शाळा मिळाली, जुन्या शाळेपासून आठ किलोमीटर आत. निघायच्या दिवशी समितीने नारळ आणि शाल दिली. शाल शेखरने घातली.

"बाई, तुमच्यासारखी शिक्षिका परत मिळायची नाय," तो माईकवर म्हणाला. "आम्ही लय प्रयत्न केले."

"हो, ते मी पाहिलं," बाई म्हणाल्या. मागे गोजराबाई खोकल्या.

आता कोणी काय भरलं ते. शेखरने काही नाही: रोहितचं नाव लाल असलं तरी रजिस्टरला आहे, आणि खुर्चीला पालक लागतो, पोराच्या वयाशी तिचं देणंघेणं नाही. दोन्ही खोल्यांवर मेव्हण्याकडचे निळे पत्रे पडलेत, चांगले पडलेत, गळत नाहीत. शेख गुरुजींना एक खुलासा मागणारं पत्र आलं, त्याचं उत्तर त्यांनी दीड पानात लिहिलं आणि एकतीस मेला ते निवृत्त झाले; त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. ज्योत्स्नाबाईंनी दोन घरांचं भाडं भरलं, सिन्नरचं आईसाठी आणि पेठचं स्वतःसाठी, आणि दर शनिवारी दुपारी अडीच तासांची एसटी. वैष्णवीने शनिवार परत मिळवला. एका नव्याकोऱ्या खोलीत पहिली ते चौथी एकत्र बसतात आणि दुसऱ्या खोलीला कुलूप असतं, कारण तिथं शिकवायला कुणी नाही.

बाकीचं पहिलीच्या वर्गाने भरलं. वाचणारी चौदा होती, बाई गेल्यावर मार्चच्या चाचणीत सहा निघाली. सर्वांत पुढे असलेल्या उजमाचं नाव त्या सहांत नव्हतं. हजेरीपटावर आहे, एकसष्टावं.