दोन पीळ जास्तीचे

भातगिरणीवाल्यांचं मला कधी कळलं नाही. यंत्राला देवासारखं जपतील, दाराला मात्र लाथा घालतील. शटर जड झालं की स्प्रिंग गेली म्हणायचं नि मला फोन. भिसेगावात माझं शटरदुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या महिन्यात पळसदरीच्या पुढं गोदाआत्याच्या गिरणीवर गेलो. नात्याची नाही, पण सगळे तिला आत्याच म्हणतात. शटर ज्या बाजूच्या पट्ट्यांतून सरकतं, त्यांत कोंडा ठासून भरला होता. आधी तो काढायचा असतो. मला घाई होती. शटर वर ओढणाऱ्या स्प्रिंगला दोन पीळ जास्तीचे दिले, शटर उचललं, चहा पिऊन निघालो.

दसऱ्याला सकाळीच तिचा फोन.

"निलेश, काल खंडेनवमीची गिरणी धुतली रं. पट्ट्या खरवडून तेल घातलं. तर शटर खालीच येईना. मी नि सून दोघी दोरीला लोंबकळलो, तवा कुठं कुलपं लागली."

खाली येत नाही म्हणजे स्प्रिंग नको तेवढी ताणलेली. इतके दिवस कोंड्यानं शटर धरून ठेवलं होतं. त्यात आत्या बुटकी. शटरच्या मुठीला दोरी बांधून तिचं टोक मनगटाला गुंडाळायची तिची सवय. कुलूप निघालं की शटर हात घेऊनच वर जाणार.

"आत्या, हात लावू नको त्याला."

"पूजा करायची हाय, उघडते," म्हणून तिनं तोवर फोन ठेवला होता. परत लावला तर उचलेना.

गाडी काढली. एवढा मी जन्मात घाबरलो नव्हतो. वाटेत देवाला काय काय बोललो, ते सांगण्यासारखं नाही.

पोचलो तर सून पूजेचं ताट घेऊन उभी. आत्यानं एक कुलूप काढलेलं, दुसऱ्याला किल्ली लावलेली, मनगटाला दोरीचे तीन वेढे.

"आत्या, किल्ली सोड. आधी दोरी सोड गं."

माझा आवाज ऐकून तिनं दोन्ही सोडलं. दोघींना लांब उभं केलं, मी भिंतीला चिकटलो आणि किल्ली फिरवली. शटर धाडकन वर गेलं. दोरी सपकन माझ्या कानाला चाटून गेली. वर आदळून शटरची खालची पट्टी वाकली.

आत्या मनगट धरून खालीच बसली.

"तुला बरं कळलं," ती म्हणाली.

"माझीच चूक आहे, आत्या. पीळ मीच जास्त दिले."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती वाकलेल्या पट्टीकडं बघत राहिली.

"साजगावला माझ्या भावाची, नामाची गिरणी. त्याचं शटर कोणी केलं?"

"मीच. त्याच आठवड्यात."

"तेवढंच पीळ?"

मी मान हलवली.

"दोरी मनगटाला गुंडाळायची युक्ती त्याला मी शिकवली हाय. त्यानंबी काल गिरणी धुतली असंल," आत्या म्हणाली.

मी नामाला फोन लावला. रिंग वाजत राहिली.