मिठाचा खडा

सरळच सांगते, मला धाकट्या जावेच्या विहिरीचा हेवा वाटत होता. घराची वाटणी झाली तेव्हा खाडीकडची बाजू मी भांडून घेतली, वारा येतो म्हणून. आता वाऱ्यामागून समुद्रही आला. नदीला पूर्वीसारखं पाणी राहिलं नाही, उन्हाळा लांबत चालला, आणि भरतीचं पाणी जमिनीखालून सरकत माझ्या विहिरीत पोचलं. पाणी तपासायला आलेल्या बाईंनी तसं समजावलं.

"मग शेजारच्या विहिरीत का नाही?" मी विचारलं.

"ती उंचावर आहे. तिथं पोचायला वेळ लागेल."

किती वेळ, हे विचारायचा मोह मी आवरला.

दुधात मिठाचा खडा म्हणतात, तो आमच्याकडे रोज सकाळी पडायला लागला. चहा पातेल्यातच फाटायचा. वाटाणे शिजेनात, साबणाला फेस येईना. चारचौघांत "थोरलीच्या हाताला चव आहे" म्हणणाऱ्या सासूबाई एक दिवस कप खाली ठेवून म्हणाल्या, "थोडे दिवस धाकटीकडे राहीन म्हणते." त्यांची पिशवी मीच भरली, जरा आदळआपट करत.

धाकटी रोज कुंपणावरून कळशी पुढे करायची. "ताई, पिण्यापुरतं तरी घ्या." मी म्हणायचे, "आहे आमच्याकडे." नवरा म्हणाला, "अगं, पाण्याशी कसलं वैर?" त्याला काय कळणार. दोरीवर तिचे कपडे मऊ वाळत, माझे पत्र्यासारखे कडक. वर सासूबाईंचं हसणं कुंपणापलीकडून ऐकू यायचं.

मग तिनं कळशी आणणंही बंद केलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी नको म्हणते म्हणून काय विचारायचंही नाही?

शेवटी सासूबाईंना घरी न्यायचंच, असं ठरवून मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिनं सासूबाईंपुढे आणि माझ्यापुढे कोरा चहा ठेवला.

"दूध संपलं वाटतं?"

"दूध आहे हो ताई. फाटतं."

मी घोट घेतला. खारट.

"म्हणून कळशी बंद केलीस?"

"असलं पाणी कुठल्या तोंडानं देऊ?"

मला आतून गार वाटलं, खोटं कशाला बोलू. "चला आई," मी म्हणाले. "आता दोन्हीकडे पाणी सारखंच."

"पाणी सारखंच आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "पण चहा फाटला की तू दिवसभर तोंड पाडून बसतेस. मला घोट उतरत नाही. हिचा फाटला तेव्हा ही इतकी हसली, की मी कोरा प्यायला शिकले."

धाकटी ओट्याकडे तोंड करून कप विसळत राहिली. मी चहा संपवला. मग जमेल तेवढं हसून दाखवलं.

सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "राहू दे," म्हणाल्या, आणि आणखी एका घोटासाठी कप धाकटीपुढे केला.