आभासी पोर्टांची वेगळी यादी

"वहिनी, बघा आता. मी फक्त तिसऱ्या पोर्टचं रीसेट दाबलं, आणि शेजारचे सगळे आडवे झाले!" टेस्टरने स्क्रीन तिच्याकडे वळवला.

सर्व्हरला दूरच्या डिस्कशी जोडणाऱ्या स्टोरेजच्या कार्डावर खरा पोर्ट एकच. त्यातूनच ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, अनेक आभासी पोर्ट उभे करी, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक. प्रत्येक पोर्टला नावं दिलेले गुणधर्म असत. काही नुसते वाचायचे, काही रीसेटसारखे, दाबायचे किंवा बदलायचे. त्यांची यादी तिच्या नवऱ्याने केली होती, खऱ्या आणि आभासी पोर्टांना मिळून एकच. त्यामुळे भाडेकरूच्या खोलीत अख्ख्या इमारतीचं मेन स्विच बसवावं, तसं कार्डाचं रीसेट प्रत्येक आभासी पोर्टवर जाऊन बसलं होतं.

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. ड्रायव्हर आता तीच सांभाळे, पण त्या यादीला तिने कोणाला बोट लावू दिलं नव्हतं. बाहेरच्यांचे प्रोग्राम या नावांवर चालतात, असं ती ठणकावून सांगे. ते खरंही होतं. पण यादी त्याची होती, हे खरं कारण.

"गिऱ्हाइकांना सांगू ना, ते दाबू नका म्हणून," टेस्टर म्हणाला. तो नवऱ्याचा जुना दोस्त, त्याचाही जीव तुटत होता.

"आणि दाबलंच कोणी तर? बाकीच्यांच्या डिस्क गायब. ते काही नाही, भावजी. यादी फोडायची, खऱ्याची वेगळी, आभासींची वेगळी."

तिने बाह्या सरसावल्या. वाचायची नावं तशीच ठेवली. अख्खं कार्ड हलवणारी उचलून खऱ्या पोर्टकडे दिली. एका पोर्टपुरत्या रीसेटला नवं, सरळ नाव दिलं. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. दुपारी टेस्टरने तिसऱ्या पोर्टचं रीसेट पुन्हा दाबलं. शेजारचे ढिम्म.

राहिली शेवटची ओळ. दुरुस्तीखाली मूळ चूक कोणाच्या बदलातून आली, ते नावानिशी लिहायची त्यांच्याकडे रीत होती.

"ती ओळ सोडा, वहिनी. कोण विचारतंय?"

"वा! तो माझ्या चुका चारचौघांत काढायचा तेव्हा हसत होतात की! आता त्याची चूक पाठीशी घालू? त्यालाच राग येईल."

तिचे डोळे भरून आले होते. तिने ते पुसले नाहीत. चार वर्षं ती त्याचं नाव लिहीत आली होती ते फक्त कागदपत्रांवर, आधी 'दिवंगत' जोडून. इथे तशी रीत नव्हती. तिने नुसतं नाव लिहिलं, आणि बदल पाठवून दिला.