घंटेच्या पोटातली चिठ्ठी

"सकाळधरनं टण् टण्, टण् टण्! कान किटलं माजं. अवं, ती घंटा काडा की त्या खुंटीवरनं!"

मित्रांनो, ही कुरकूर साळुबाईंची, आणि ज्या घंटेवर त्या चिडल्या आहेत ती मीच. मी एक जुनी घंटा आहे, बैलाच्या गळ्यातली. डिंगोऱ्यातल्या एका शेतकऱ्याच्या पडवीत खालच्या खुंटीला लटकून असते. साळुबाई रोज असंच म्हणतात आणि रोज मला तिथेच राहू देतात. कारण मला काढलं की त्यांची पावणेतीन वर्षांची नात संस्कृती जमिनीवर आडवी पडून जो आकांत करते, त्यापेक्षा माझी टणटण परवडली. 'संस्कृती' हे नाव साळुबाईंच्या तोंडात नीट बसत नाही, म्हणून त्या तिला चिमी म्हणतात. चिमीला दोन्ही नावं सारखीच. कुठल्याही नावाने हाक मारा, ती वळून बघत नाही.

पण ते पुढचं. आधी माझं बालपण ऐका.

पन्नास वर्षांपूर्वी जुन्नरच्या एका ओताऱ्याने मला मातीच्या साच्यात ओतलं. साचा फोडून त्याने मला पहिला टोला दिला आणि म्हणाला, "हिचा नाद वढ्यापल्याड जातोय बगा." या घरच्या म्हाताऱ्या मालकांनी मला त्यांच्या हरण्या बैलासाठी विकत घेतलं. त्यांना दोन मुलगे. थोरला सोपान, धाकटा गेणभाऊ.

गेणभाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. तो बोलत नसे. कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. पण मला हरण्याच्या गळ्यात बांधलं त्या दिवशी तो जवळ आला, मला अलगद टिचकी मारली आणि नाद पार विरेपर्यंत कान लावून उभा राहिला. घंटा वाजवतात सगळेच, मित्रांनो. शेवटपर्यंत ऐकत कोणी नाही. मला ऐकणारा तो पहिला.

घंटेतलं पाणी पाजलं की पोराला वाचा फुटते, असं गावात म्हणत. म्हणून त्याच्या आईने मला हरण्याच्या गळ्यातून सोडवलं, उलटं धरलं, माझ्यात पाणी भरलं आणि त्याला पाजलं. उरलेलं शेजारच्या सावळारामाला पाजलं. सावळाराम महिन्याभरात बोलायला लागला आणि आजतागायत थांबलेला नाही. झालं! माझं नाव झालं. ओतुराकडच्या बायासुद्धा मला मागून न्यायच्या आणि परत करताना सोबत नारळ द्यायच्या. मीही फुगले. कौतुक कोणाला नको असतं?

गेणभाऊ मात्र गप्पच राहिला. आता म्हातारपणी कबूल करते, मी नुसतं पितळ आहे. पाण्याला माझा वास लागतो, त्यापलीकडे माझ्या हातून काही होत नाही. सावळाराम बोलणारच होता.

पण काय दिवस होते ते! पोळ्याला चिंच आणि राख घेऊन गेणभाऊ मला असा घासायचा की माझ्यात त्याचं तोंड दिसे. हरण्या कुठल्या बांधावर चरतोय हे तो गोठ्यात बसून माझ्या आवाजावरून ओळखे. दुपारी नदीतले गोल गोटे आणून गोठ्यात त्यांची रांग लावे, लहान, मग मोठा, मग त्याहून मोठा. लोक त्याला मुका म्हणत, आणि पाठ फिरली की येडा म्हणत. लग्नाला, जत्रेला त्याला कोणी नेत नसे. गलका झाला की तो कान दाबून खाली बसायचा. जेवणही त्याचं गोठ्यातच.

त्याचं मन ओळखणारा एकच, सोपान. गेणभाऊ कधी बोट दाखवत नसे. काही हवं असलं की थोरल्याचं मनगट धरायचा आणि त्याचा हात नेऊन त्या वस्तूवर ठेवायचा. भाकरीच्या टोपल्यावर, पाण्याच्या रांजणावर. "कळलं रं, कळलं," सोपान म्हणायचा.

अशीच दोघांची लग्नाची वयं झाली. सोपानचं लग्न झालं, साळुबाई आल्या, मुलगा सुदर्शन झाला. गेणभाऊचं कोणी नावच काढलं नाही. हरण्यामागून दुसरे बैल आले, मी त्यांच्या गळ्यात गेले. गेणभाऊचे केस पांढरे झाले.

आठ वर्षांपूर्वीच्या श्रावणात सोपान दोन दिवस शिनोलीला बहिणीकडे गेला होता. ते दोन दिवस गेणभाऊ मला सारखा वाजवत होता. घरच्यांना वाटलं, नेहमीसारखा खेळतोय. तिसऱ्या दिवशी सोपान परतला, तसं गेणभाऊने त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात स्वतःच्या पोटावर नेऊन ठेवला. पोट फळीसारखं घट्ट झालं होतं. दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता.

पुढच्या वर्षी बैल विकले, दारात ट्रॅक्टर आला. सोपानआबांनी मला पडवीत टांगलं. आतल्या लोलकाला गंज चढला, कोळ्याने जाळं विणलं. गेणभाऊचं नाव या घरात पुन्हा कोणी घेतलं नाही. पाच वर्षांपूर्वी इंद्रायणी सून होऊन आली. आपल्याला असा कोणी चुलतसासरा होता, हे तिला कोणी सांगितलंही नाही.

आणि मग एक दिवस चिमी रांगत पडवीत आली, उभी राहिली, मला टिचकी मारली. आणि नाद पार विरेपर्यंत ऐकत राहिली.

मी हरखले, मित्रांनो. आणि मनातून घाबरलेही.

चिमी कांदाचाळीतले कांदे एकेक करून आणते आणि पडवीत त्यांची रांग लावते, लहान, मग मोठा, मग त्याहून मोठा. साळुबाईंना कोण कौतुक! "बगा, आत्ताच निवडाय लागली. मार्केटात बशिवली पायजे हिला." सोपानआबा हसत नाहीत. पण ती रांग ओलांडताना पाय उंच उचलतात.

अडीच वर्षं झाली तरी चिमी 'आई' म्हणेना, तेव्हा साळुबाईंनी मला खाली काढलं, चिंचेने घासलं, उलटं धरलं. चिमी माझ्यातलं पाणी प्यायली. मला कधी नव्हे इतकी लाज वाटली.

अंगणवाडीच्या प्रज्ञाताई घरी आल्या. पडवीत बसून चहा घेता घेता म्हणाल्या, "आबा, संस्कृती नावानं वळत नाही. पोरांत येत नाही. एकदा दाखवून घ्या तिला."

"थांबा," आबा म्हणाले. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, चिमीच्या पाठीमागे जाऊन वाजवलं. चिमी गर्रकन वळली, खुदकन हसली. "बगितलं? कान लई तिखट हायेत पोरीचं. बोलंल. सुदर्शन बी उशिराच बोलला व्हता."

"कान तिखट असतील, आबा. पण हाकेला वळणं निराळं."

"तुमी च्या घ्या, ताई. गार व्हतोय."

अशी मी खोटी साक्षीदार झाले. खोटं काही बोलले नाही, पण खऱ्याच्या आड उभी राहिले.

प्रज्ञाताई हार मानणाऱ्या नव्हत्या. अंगणवाडीत तपासणीची गाडी आली, तेव्हा त्यांनी इंद्रायणीला निरोप धाडला. तिथल्या डॉक्टरबाईंनी चिमीला तासभर पाहिलं आणि पुण्याच्या सरकारी दवाखान्याच्या नावे चिठ्ठी दिली. पुढच्या बुधवारी बोलावलं होतं.

"या शब्दापुढं प्रश्नचिन्ह आहे बघ," प्रज्ञाताई इंद्रायणीला पडवीत समजावत होत्या. "म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. पण आत्ता शिकवायला लागलो तर पोर लवकर उचलते. बुधवार चुकवू नको, बाई. पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही."

संध्याकाळी इंद्रायणीने चिठ्ठी नवऱ्याला दाखवली. सुदर्शनने वाचली, घडी घातली, परत दिली. "आबांना नको सांगू एवढ्यात. टमाट्याचा तोडा हुं दे."

"तोडा महिनाभर चालंल. तारीख बुधवारची आहे."

"तुला ठाव न्हाई, इंदे."

"काय ठाव नाही?"

त्याने गाडीला किक मारली आणि निघून गेला.

आठवडाभर इंद्रायणी ती चिठ्ठी ओटीत घेऊन वावरली. कोणी नसलं की पडवीत येऊन वाचायची, बोलायचं ठरवायची, आणि सासूबाई समोर आल्या की कांदे निवडायला बसायची. सोमवारी दुपारी अशीच वाचत असताना आबांच्या चपला वाजल्या. हाताशी मीच होते. तिने कागद माझ्या पोटात कोंबला आणि ती भाकरी थापायला पळाली.

मागोमाग चिमी आली. तिने टिचकी मारली.

थप्प.

पुन्हा मारली. थप्प. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्यातून आवाज निघाला नाही. चिमी किंचाळली, स्वतःचा हात चावू लागली. साळुबाई धावत आल्या. "आता काय झालं गं बाय माजे? घंटा तर हाय की जाग्यावर!"

चिमीने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती आबांकडे गेली, तिने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत आणून त्यांचा हात माझ्यावर ठेवला.

आबांनी बोटं माझ्या पोटात घातली. "कळलं गं," ते पुटपुटले. "कळलं."

त्यांनी कागद बाहेर काढला. चिमीने लगेच मला टिचकी मारली, टण्ण, आणि ती शांत झाली. दारात इंद्रायणी पिठाच्या हातांनी उभी होती. आबा चष्मा लावून अक्षर जुळवत वाचू लागले. "बोलण्यात विलंब. स्वमग्नता..." तिथे ते अडले. प्रश्नचिन्हावर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना चिंचेने घासा, असं मी सांगायला हवं. पण मी काळी पडले तरी चालेल. तुमच्या घरात, वाड्यावस्तीवर एखादं मूल बोलत नसेल, तर माझ्या पाण्यावर विसंबून राहू नका, आणि माझी साक्षही मानू नका. ते तुमचं मनगट धरून काहीतरी सांगत असेल, तर त्याच्यामागे जा. आणि जिथे शिकवतात तिथे त्याला न्या.

"बुधवार म्हंजी परवाच की," आबा म्हणाले.

"व्हय, आबा," इंद्रायणी पिठाचे हात पदराला पुसत म्हणाली.

"पहाटंच्या यष्टीनं निगावं लागंल. म्या बी येतो."

"अवं, कशापायी?" साळुबाई मध्येच म्हणाल्या. "डाक्टर काय, कायबी लिवत्यात. काय झालंय माज्या चिमीला? चांगली खाती, पिती, हसती..."

आबांनी चष्मा काढला. समोर कांद्यांची रांग होती, लहान, मग मोठा, मग त्याहून मोठा.

"साळू, चिमी आपल्या गेण्यावाणी हाय. अन् गेण्याला आपुन येळंवर कुटंच न्हेला न्हवता."