कासिल्दाच्या खिशातला भोंगा

मित्रांनो, मला मोबाईल समजू नका हं! मी खिशात मावणारा एक जुना, ओरखडे पडलेला भोंगा आहे. नवऱ्याच्या मारहाणीमुळे कासिल्दा कोर्टात गेली. त्या नवऱ्याने, फेर्मीनने, तिच्यापासून अर्धा किलोमीटर लांब राहायचं, असा हुकूम झाला. त्याच्या घोट्याला पट्टा बसला आणि मी तिच्या एप्रनच्या खिशात आलो. तो जवळ आला की मी बोंबलतो आणि माझी बोंब थेट पोलिसांपर्यंत जाते.

सुरुवातीला काय कौतुक माझं! तिची मुलगी न्येवेस मला उशाशी घेऊन झोपायची. पण आमचं गाव इवलंसं. तो पेट्रोलपंपावर आला तरी मी वाजणार. बेकरीत बायका म्हणायच्या, "आली बाई भोंगेवाली!" खरं सांगू? मी दमलोय. बॅटरीही आता दुपारीच मान टाकते.

मग मेरीमातेचा उत्सव आला. पालखी कासिल्दाच्या दारावरूनच जाते आणि पुढच्या दांड्याला खांदा फेर्मीनच्या घराण्याचा. सासूबाई एउफ्रासिया मधातल्या पापड्या घेऊन आल्या.

"पोरी, एक दिवस बहिणीकडे जा ना. देवाच्या कामाला कसलं आलंय कोर्ट?"

"आई, लांब राहायचा हुकूम त्याला आहे. घर मी का सोडू?"

न्येवेस फणकारली, "वा आजी! बाबांनी पालखी उचलायची आणि आम्ही बॅगा?"

सासूबाई पापड्या ठेवून निघून गेल्या. अख्ख्या गावाने मात्र ठरवूनच टाकलं होतं, की पालखीपुढे त्या दिवसापुरता हुकूम माफ.

ढोल जवळ आले आणि मी जीव तोडून ओरडलो. कासिल्दा मला मुठीत धरून सज्जात उभी होती.

"बंद कर गं ते!" पालखीचा मुकादम एउलोखियो खालून ओरडला. "मेरीमाता दारात आलीय!"

"तिला येऊ द्या, काका. त्याला थांबवा," कासिल्दा म्हणाली.

ढोल थांबले. वाजत राहिलो एकटा मीच. एउलोखियोने वर पाहिलं, मग फेर्मीनकडे पाहिलं. त्याने दांड्यावर हातोडी ठोकून थांबायची खूण केली आणि पालखी भररस्त्यात टेकली.

"फेर्मीन, नीघ."

"काका, तुम्हीसुद्धा?"

"नीघ म्हणतो ना!"

तो शिव्या देत वळला, तोवर कोपऱ्यावर पोलिसांची गाडी आलीच. पालखी पुढे गेली, एक खांदा रिकामा ठेवून. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सासूबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. कासिल्दा मात्र स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खुर्चीत मटकन बसली.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी जवळपास ओरडला, तर कान जरूर किटतील. पण तिला "बंद कर" म्हणू नका. आधी बघा, कोण येतंय.