म्होरं गेल्यावर मागं कोण?

कोळेकरवस्तीच्या शाळेत दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एक मैदान आहे. मैदानाला कुंपण नाही, त्यामुळे ते नेमकं कुठं संपतं याबद्दल मतभेद आहेत. सरळ चालत गेलेला माणूस सोलापूर जिल्ह्यात निघतो. अशा मैदानावर पळायला शिकवणं सोपं असतं, थांबायला शिकवणं अवघड.

तिथं मुकुल सर यंदाच रुजू झाले. वाईचे, तरुण, गळ्यात कायम शिट्टी. तालुक्याच्या क्रीडास्पर्धांचं पत्रक आलं आणि ते उड्या मारायचेच बाकी राहिले. मुलींच्या दोनशे मीटरसाठी प्रत्येक शाळेची एक धावपटू, आणि पहिली येणारी थेट जिल्ह्याला, सांगलीला!

सांगली म्हटल्यावर वर्गात एकच गलका झाला. अबोलीला आइस्क्रीम दिसायला लागलं. दिग्विजयने मुलगा असूनही नाव दिलं.

मधल्या सुट्टीत चौथीतली राणी सरांजवळ येऊन म्हणाली, "सर, मला सांगलीला जायाचंच हाय."

"का गं? आइस्क्रीम?"

"आईला बघाय."

दिवाळी झाली की वस्तीवरची निम्मी घरं मेंढरं घेऊन ओल्या मुलखाकडे निघतात. राणीचे आईबाप इस्लामपूरच्या अंगाला होते, तोडलेल्या उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत. राणी शाळेसाठी आजीपाशी, हरणाबाईंपाशी, राहिली होती. आई अधूनमधून व्हिडिओ कॉल करायची. पण फोन म्हणजे कानाला लावायचा, हा तिचा नियम होता. त्यामुळे दिवाळीपासून राणीने आईचा फक्त डावा कान पाहिला होता. कान चांगला होता, पण किती दिवस कानच बघायचा? परवा त्याच कानाने सांगितलं होतं, "तू सांगलीला आलीस तर म्या येतीया बघ. हितनं जवळच हाय."

राणी पळण्यात कशी आहे, हे वस्तीवर कुणाला विचारायची गरज नव्हती. सरांनी उत्साहाने शिट्टी फुंकली, मुली सुटल्या, आणि राणी शेवटची आली.

सरांना वाटलं, काटा रुतला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवलं. पुन्हा शेवटची. विशेष म्हणजे बाकीच्या धापा टाकत होत्या आणि राणीला साधा घामही नव्हता. सरांनी तिला अबोलीबरोबर सोडलं. अबोली पळताना वाटेतली फुलपाखरंही बघते. राणी अबोलीच्या मागे एक पाऊल. मग दिग्विजयबरोबर सोडलं. तो सुसाट निघाला. राणी त्याच्याही मागे एकच पाऊल, आणि वर तोंडाने "हुर्रर्र, हुर्रर्र" चालू. दिग्विजय जन्मात कधी पळाला नव्हता इतका त्या दिवशी पळाला.

"राणी, तू पुढे का जात नाहीस?"

राणीने सरांकडे दयेने पाहिलं. "मी म्होरं गेल्यावर मागं कोन ऱ्हानार, सर? शेवटचं कोकरू चुकलं म्हंजी?"

"अगं, इथं कोकरू कुठंय? अबोली आहे!"

"तीच की."

अबोलीने मान डोलावली. तिला हे पटलं होतं.

सरांनी समजावलं, फळ्यावर चित्र काढलं, चॉकलेट दाखवलं. राणीने चॉकलेट खाल्लं आणि शेवटची आली. मुख्याध्यापिका चारुलता बाई सांगलीच्या, शांत स्वभावाच्या. त्या म्हणाल्या, "मुकुल, अबोलीला पाठव. निदान शर्यत उशिरा संपेल, पोरांना मैदान तरी बघायला मिळेल."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र चमत्कार झाला. कुणाचं तरी एक कोकरू चुकून शाळेपाशी आलं आणि उड्या मारत थेट बाईंच्या परसबागेकडे निघालं. पोषण आहारासाठी बाईंनी तिथं कोथिंबीर लावली होती आणि रोज लेकराला हाक मारावी तशी तिला हाक मारत पाणी घालत होत्या. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या राणीने ते पाहिलं, आणि सरांनी जे पाहिलं त्याचं वर्णन ते पुढे कित्येक दिवस शिट्टी वाजवूनच करत. राणी दिसली नाही, धूळ दिसली. कोकराच्या पुढे जाऊन, हात पसरून, तिने त्याला कोथिंबिरीच्या अलीकडे वळवलं.

"आता कशी गेलीस पुढे?" सर जवळजवळ ओरडलेच.

"दुसऱ्याच्या रानात शिराय लागल्यावर म्होरं जायालाच लागतंय की! न्हाईतर शिव्या कोन खानार?"

सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा उजेड थोडा कमी पडला असता तर बरं झालं असतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

तालुक्याच्या मैदानावर ही गर्दी! कर्णे, रंगीत पताका, चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघा. ऋषिराज सरांच्या मोठ्या शाळेची ऋचा खिळ्यांचे बूट घालून जागच्या जागी उड्या मारत होती. राणी अनवाणी होती आणि ऋचाच्या बुटांकडे टक लावून बघत होती. "ह्यात काटा आत गेला तर निघतो कसा?" तिने विचारलं. ऋचाने पाय उचलून खिळ्यांकडे पाहिलं. हरणाबाई नातीची शर्यत बघायला काठी टेकत आल्या होत्या.

मुकुल सर राणीच्या कानाशी लागले. "ती पांढरी रेघ दिसते? तिच्या पलीकडे आपल्या बाईंची कोथिंबीर आहे असं समज. ह्या सगळ्या पोरी तिकडेच निघाल्यात."

राणीचा चेहरा गंभीर झाला. "सगळ्या?"

"सगळ्या."

"बरं. बघती."

शिट्टी झाली. मुली उधळल्या. राणी शेवटी! एका मुलीची चप्पल निघाली, तर ही तिच्यामागे थांबून "चल बाई, चल, हुर्रर्र" करत होती. सरांनी दोन्ही हात तोंडाशी धरून बोंब ठोकली, "राणी! कोथिंबीर!"

अख्खं मैदान वळून बघायला लागलं. एका भाजीवालीने "कशी दिली?" असंही विचारलं.

आणि राणी सुटली! एक मागे टाकली, दोन टाकल्या, चार टाकल्या. कर्ण्यावरच्या निवेदकाचा आवाज चिरकला. ऋचा जिवाच्या आकांताने पळत होती. राणी तिच्या बाजूने अशी गेली की ऋचाची रिबीन सुटली. दिग्विजय आणि अबोली एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत नाचत होते. रेघ दहाएक पावलांवर आली...

आणि राणी गर्रकन वळली. हात पसरले. "ह्या! ह्या! फिरा माघारी!"

ऋचा कचकन थांबली. मागची तिच्यावर, तिच्या मागची त्या दोघींवर. बघता बघता तालुक्यातल्या निवडक धावपटू एका जागी गोळा होऊन, माना खाली घालून उभ्या राहिल्या. रेघेच्या पलीकडे एकही गेली नाही. कोथिंबीर वाचली.

पंचांनी शिट्टी तोंडात धरली, पण कशासाठी वाजवायची ते त्यांना सुचेना. ऋषिराज सर धावत आले. "हा अडथळा आहे! बाद करा तिला!"

"हात लावला का तिनं कुणाला?" मुकुल सर.

"अहो, माघारी फिरा म्हणाली!"

"मग तुमची का फिरली?"

यावर ऋषिराज सरांनी ऋचाकडे पाहिलं. ऋचा म्हणाली, "सर, ती इतक्या खात्रीने म्हणाली की मला वाटलं पुढे काहीतरी असेल."

पंचांनी बराच विचार करून निकाल दिला: शर्यत पुन्हा होईल, आणि या वेळी कुणीही कुणाला वळवायचं नाही.

मुकुल सर मटकन खाली बसले. कोथिंबीर म्हणावी तर पोरगी वळणार, न म्हणावी तर मागे राहणार. राणी त्यांच्यासमोर ओठ दाबून उभी होती. "सर, चुकलं व्हय माझं? आता सांगली ऱ्हायली का?"

तेवढ्यात हरणाबाई काठी टेकत आल्या. त्यांना शर्यतीतलं काही कळलं नव्हतं, पण नात कळत होती.

"राणे, त्या रेघंच्या पल्याड काय हाय?"

"बाईंची कोथमीर."

"कोथमीर जळू दे. पल्याड तुजी आई हाय."

राणीने रेघेकडे पाहिलं. मग मागे, रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलींकडे. "आन् मागं गं?"

"मागचं मी बघती. हितं हुबी हाय न्हवं मी? तू जा."

आणि हरणाबाई खरंच सुरुवातीच्या रेघेमागे पदर खोचून, काठी आडवी धरून उभ्या राहिल्या. पंच म्हणाले, "आजी, बाजूला व्हा." हरणाबाई म्हणाल्या, "आवं, तुमी वाजवा की." पंचांनी वाजवली.

"हुर्रर्रर्र!" हरणाबाईंनी जी हाळी दिली ती कर्ण्याशिवाय वेशीपर्यंत गेली. मुली भेदरून अशा पळाल्या की तालुक्यात तेवढं कुणी पळालं नव्हतं. चप्पल निघालेली मुलगी चौथी आली. ऋचाने स्वतःचाच आधीचा विक्रम मोडला, आणि दुसरी आली.

राणीने एकदाही मागे पाहिलं नाही. रेघ आली, गेली. पंच हात वर करून ओरडत होते, अबोली रडत होती, दिग्विजयने मुकुल सरांची शिट्टी घेऊन फुंकायला सुरुवात केली होती. राणी थांबली मात्र नाही. पताकांच्या खालून, भाजीवालीच्या पाटीवरून उडी मारून ती फाटकाकडे निघाली.

"राणी! झाली शर्यत! थांब!" मुकुल सर मागे लागले. वाईचे सर आणि वस्तीची पोर यांच्यातलं अंतर वाढतच गेलं.

फाटकापाशी ती एकदाची थांबली, तीही रस्ता विचारायला. "सर, सांगली हिकडं का तिकडं?"

सर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते. "अगं... पुढच्या... आठवड्यात..."

मैदानात हरणाबाईंनी अबोलीकडून फोन लावून घेतला होता. पडद्यावर एक कान आला. हरणाबाई त्या कानात ओरडून म्हणाल्या, "सुनबाई, पोरगी निघाली गं! तू बी निघ!"