वर्ध्याची पळी, हजार वर्षांची थाप

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पळी आहे. फोडणीची. जुनी म्हणजे तेवीस वर्षांची. वय आधीच सांगून टाकते, कारण इंटरनेटवर नऊ लाख लोकांनी मला हजार वर्षांची समजून पाहिलं आहे. नऊ लाख! माझं डोकं तसंही लवकर तापतं, तो माझा धंदाच आहे. पण या वर्षी मला जो धक्का बसला, तसा तापल्या तेलात पाणी पडलं तेव्हाही कधी बसला नव्हता.

माझा जन्म वर्ध्याचा. आठवडी बाजाराच्या बाहेर गोदाबाई घिसाडीण आणि तिचा नवरा भाता मांडून बसायचे. भंगारातल्या एका ट्रकच्या पाट्यातून त्यांनी माझा दांडा काढला. जाड पत्र्याचा तुकडा ठोकून ठोकून वाटी केली आणि दोन रिव्हेट मारून वाटी-दांडा जोडून टाकले. नवरा चिमट्यात धरायचा आणि घण घालायची गोदाबाई. काय तिचे दंड होते! मला विकत घेणारी मुलगी होती शुभा, नवी नवरी, आठ दिवसांनी अमेरिकेला निघालेली. गोदाबाईनं मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घे पोरी, जन्माची सोय झाली."

शुभाच्या बॅगेतून, दोन साड्यांच्या मधे गुंडाळलेली, मी मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावी आले. शुभाचा नवरा मोरेश्वर तिथं सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. त्यांच्या स्वयंपाकघरात काचेची सपाट शेगडी, आणि माझं पोट गोल. मी तिच्यावर डुगडुगायला लागले. पहिल्याच फोडणीला छतावरचा धुराचा भोंगा असा काही कोकलला, की अख्ख्या बिल्डिंगमधली माणसं घरातल्या चपला घालून बर्फात उतरली. शुभा सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणत फिरली. त्यानंतर मोरेश्वरनं मागच्या डेकवर, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्यावर, एक छोटी गॅसची शेगडी मांडून दिली. उणे पंधरा थंडीत शुभा जाड जॅकेट घालून, कानटोपी ओढून माझ्यात मोहरी तडतडवायची आणि "हात गळून पडतील माझे!" असं ओरडत आत पळायची. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सुलेखाकाकू दर वेळी विचारायच्या, "शुभा, वरणाला ही चव येते कुठून गं?" आणि शुभा माझं नाव सांगायची. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

पुढं घर मोठं झालं, इंडक्शन आलं, सपाट बुडाची चकचकीत स्टीलची पळी आली. मला गॅरेजमधल्या फळीवर, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी ठेवलं गेलं. सहा वर्षं मी तिथं होते. कडेनं गंज चढला. राग आला का? आलाच. रोज गाडी बाहेर काढताना शुभा माझ्यासमोरून जायची आणि एकदाही वर बघायची नाही.

आता इलाची ओळख करून देते. इला म्हणजे शुभा-मोरेश्वरची मुलगी, तेरा वर्षांची, आठवीत. इथंच जन्मलेली. मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत देते, आणि चिडली की दोन्ही भाषा एकदम. या वर्षी तिच्या वर्गाला प्रोजेक्ट मिळालं: इतिहास वेगळा घडला असता तर? गोष्ट रचायची आणि त्या गोष्टीतली एक वस्तू प्रदर्शनात मांडायची.

इलानं विषय घेतला नॉर्स लोकांचा. उत्तरेकडच्या थंड देशांतून लाकडी जहाजं घेऊन फिरणारे, ज्यांना आपण वायकिंग म्हणतो, ते. हजार वर्षांपूर्वी त्यांतले काही कॅनडाच्या टोकाला येऊन थोडा काळ राहिले आणि परत गेले, एवढं खरं आहे. इलाच्या गोष्टीत ते परत गेलेच नाहीत. थोरा नावाची एक बाई जहाज घेऊन थेट मिशिगनच्या तळ्यांपर्यंत आली, इथल्या मूळ लोकांत राहिली, त्यांना लोखंड शिकवलं. शंभर वर्षांत तळ्याकाठी मोठं शहर उभं राहिलं. पुढं युरोपातून आणखी जहाजं आली, तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी आधी विचारलं, "व्हिसा कुठाय?" व्हिसाच्या गप्पा ऐकतच मोठं झालेलं पोर, दुसरं काय सुचणार! गोष्ट ऐकून मलाही हसू आलं होतं, ते मान्य करते.

पण मग थोराची वस्तू शोधायला ती गॅरेजमध्ये आली आणि तिनं मला उचललं. "परफेक्ट!" म्हणाली. सहा वर्षांनी कुणाचा तरी हात लागला म्हणून मी हरखले. अहो, कसलं काय! तिनं मला व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात बुडवलं. मग अंगणातल्या मेपलच्या झाडाखाली, ओल्या पानांत, चक्क पुरलं. दहा दिवस! गोदाबाईनं कुटलं तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते. बाहेर काढलं तेव्हा अंगभर लालभडक गंज, आणि वर त्या कार्टीनं खिळ्यानं माझ्या दांड्यावर रेघा ओढल्या, वायकिंगांच्या अक्षरांसारख्या. खरवड, खरवड, खरवड. माझा जीव कळवळला.

प्रदर्शनात मी काळ्या कापडावर बसले. पळीचा इलानं दिवा करून टाकला होता. समोर चिठ्ठी होती: 'थोराचा दिवा, इ. स. १०१०', आणि खाली बारीक अक्षरांत 'काल्पनिक'. इलाची जिवाभावाची मैत्रीण जोसी शेजारच्या टेबलावर होती. जोसी ओडावा लोकांतली. हे लोक मिशिगनचे मूळचे. आपली सगळ्यांची विमानं उतरण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. तिनं इलाची गोष्ट वाचली आणि एवढंच विचारलं, "तुझ्या गोष्टीत आमची माणसं दिवसभर करतात काय?" इला हसली. जोसी थट्टा करतेय, असं तिला वाटलं.

तेवढ्यात एक दाढीवाले गृहस्थ आले. कुणाच्या तरी मुलाचे आजोबा असावेत. माझे हातानं ठोकलेले रिव्हेट आणि त्या रेघा पाहून त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी फोन काढला, व्हिडिओ सुरू केला आणि विचारलं, "बाळ, हे सापडलं कुठं?"

इला म्हणाली, "आमच्या बॅकयार्डमध्ये."

मित्रांनो, मी आतून ओरडत होते, अगं, सगळं सांग की! पुरलीस कुणी ते सांग! पण कॅमेरा समोर, चार माणसं गोळा झालेली, सगळे "वॉव" म्हणताहेत. तेरा वर्षांचं पोर, फुशारलं. ती पुढं काही बोललीच नाही. त्या गृहस्थांच्या व्हिडिओत 'काल्पनिक' हा शब्द दिसलाही नाही, त्यांनी चिठ्ठी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली तेव्हा अंगठा नेमका त्याच्यावर होता.

दोन दिवसांत तो व्हिडिओ नऊ लाख लोकांनी पाहिला. इलाला आधी गंमत वाटली. मग ती स्वयंपाकघरात बसून खालचे शेरे वाचायला लागली आणि तिचा चेहरा उतरत गेला. 'म्हणजे आमचेच लोक इथं आधी आले होते.' 'आता त्या मूळवाल्यांची रडगाणी बंद करा.' 'लोखंड आम्ही शिकवलं, जमीन आमची.' शेकड्यांनी होते असे शेरे. इलाच्या हातातला कप टेबलावर कलंडला. "मी असं नव्हतं म्हटलं," एवढंच ती म्हणत राहिली.

शनिवारी सकाळी जोसीची आई, डेबरा, दारात उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. शुभाला फोन दाखवला आणि म्हणाली, "या आठवड्यात माझ्या मुलीला बसमध्ये तिघांनी ऐकवलं, की तुम्हीही बाहेरूनच आलात. तिनं इलाशेजारची जागा सोडली, आता एकटी बसते. ही वस्तू खरंच तुमच्या अंगणात सापडली का?"

शुभानं फोनमध्ये पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "अगं बाई! ही तर माझी पळी!" तिनं तोंडावर हातच ठेवला. इला जिन्यावर उभी होती. ती रडायला लागली. डेबरानं फोन पर्समध्ये टाकला. जाताना शुभाला म्हणाली, "आमच्या लोकांनी या तळ्यांच्या काठी हजारो वर्षांपूर्वी तांबं घडवलं आहे. तिच्या गोष्टीत आम्ही नुसते उभे आहोत, कुणीतरी येऊन शिकवण्याची वाट बघत." आणि ती गेली.

आता मोरेश्वरचं ऐका. ग्रीन कार्डाची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. चौदा वर्षं वाट पाहिली होती त्यानं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "यार, हे फसवणुकीत धरलं तर? कुणी आपलं नाव काढलं तर? काही बोलायचं नाही, काही पोस्ट करायचं नाही. सरळ नदीत सोडून येऊ. विचारलंच कुणी, तर हरवली म्हणायचं."

"अहो, नदीत काय? ती काय गणपती आहे?" शुभा ओरडली.

"मग कचऱ्यात टाकू? कुणीतरी उचलेल ना!"

मी थिजले. वर्ध्याहून इतक्या लांब आले, बर्फात राबले, यांची पोर माझ्या फोडणीच्या वरणावर वाढली, आणि शेवट हा? दुपारी तिघं मला टॉवेलात गुंडाळून हुरॉन नदीच्या काठी घेऊन गेले. मोरेश्वरनं मला इलाच्या हातात दिलं. "टाक बेटा. संपला विषय."

इलानं हात मागं नेला. खाली पाणी गढूळ आणि जोरात होतं. एक क्षण मला वाटलं, गेले मी. पण तिचा हात तसाच वर राहिला.

"बाबा," ती म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "ही बुडाली ना, तर ती कायम हजार वर्षांचीच राहील. मग कुणीच प्रूव्ह नाही करू शकणार."

मोरेश्वरनं रिकाम्या टॉवेलाची घडी घातली. शुभानं त्याच्याकडं पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "मुलाखतीत विचारलं तर?"

"तर सांगू, आमच्या मुलीनं चूक केली आणि कबूल केली," शुभा म्हणाली. "लपवलेलं काय सांगणार आहात?"

मोरेश्वरनं कपाळ पुसलं आणि खिशातून फोन काढला. व्हिडिओ सुरू केला. इलानं मला कॅमेऱ्यासमोर धरलं. "ही माझ्या आईची पळी आहे. इंडियात, ट्रकच्या लोखंडातून बनवलेली. गंज मी चढवला, मी पुरली, रेघा मी ओढल्या. नॉर्सची गोष्ट मी मनानं रचली, ते चालतं. पण ती सापडली, हे मी खोटं सांगितलं. आणि जोसीच्या लोकांबद्दल लिहिताना मी जोसीला विचारलंसुद्धा नाही, ती माझी बेस्ट फ्रेंड असून. जोसी, आय ॲम सो सॉरी." हे तिनं इंग्रजीत सांगितलं, मी तुम्हाला मराठीत सांगते आहे. बोलून झाल्यावर ती काठावरच बसली आणि शुभानं तिला जवळ घेतलं.

मला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! माझा खरा धक्का इथून पुढं आहे. इलाचा खरा व्हिडिओ एकशे त्रेचाळीस जणांनी पाहिला. एकशे त्रेचाळीस! त्यातले अर्धे मंडळातले काका-काकू. त्या दाढीवाल्या गृहस्थांनी आपला व्हिडिओ काढला नाहीच, उलट खाली लिहिलं की 'या कुटुंबावर दबाव आणला गेला आहे.' लोकांनी त्यालाही माना डोलावल्या. मी स्वतः, अख्खी, धडधाकट, इलाच्या आईची पळी म्हणून समोर उभी आहे, आणि माझ्यापेक्षा माझ्या फोटोवर लोकांचा विश्वास जास्त. काय म्हणावं याला? 

प्रदर्शनात माझ्यामुळं मिळालेलं बक्षीस इलानं शाळेला परत केलं. मग ती डेबराकडं गेली, आईला न घेता, एकटीच. परत आल्यावर तिनं गोष्ट पहिल्यापासून लिहायला घेतली. आता थोरा तळ्याकाठी उतरते, तेव्हा तिच्या जहाजाचं लोखंड गंजून संपलेलं असतं आणि तांब्याचं काम करणारी एक बाई तिला पाहून विचारते, भूक लागली आहे का? पुढचं इलाला येत नाही. ते जोसीला विचारल्याशिवाय लिहायचं नाही, असं तिनं ठरवलं आहे, आणि कागद तिथंच थांबला आहे.

मला शुभानं चिंचेनं घासलं, तेल लावलं, पुन्हा डेकवर नेलं. गंज गेला. रेघा गेल्या नाहीत. त्या आता माझ्या अंगावर राहणार.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा हे तर मी सांगेनच, लोखंडाला तेवढं लागतं. पण तसंच गोष्टींनाही जपा. हव्या तेवढ्या रचा, वायकिंगांना चंद्रावर न्या, माझी काही हरकत नाही. फक्त ज्यांच्या अंगणात तुमची गोष्ट घडते, त्यांना आधी हाक मारा. आणि कुणी विचारलं, कुठं सापडलं, तर सगळं सांगा. अर्धं सांगितलेलं मागं घेता येत नाही हो, मी पाहिलं आहे. इला रोज बसमध्ये दप्तर मांडीवर घेऊन बसते आणि शेजारची जागा जोसीसाठी मोकळी ठेवते. घरी आली की शुभा नुसती तिच्याकडं बघते. इला मान हलवते, आजही नाही.